वाचक विचारतात, बाई सांगतात : पी.टी.च्या बाई ते हाउस ऑफ लॉर्ड्स

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की इंग्लंडमध्ये एस्टेल मॉरिस नावाच्या एक शिक्षिका होत्या, १८ वर्षं शाळेत शिकवलं, मग खासदार झाल्या, मग शिक्षणमंत्री झाल्या, आणि २००२ मध्ये हे काम माझ्याकडून हवं तसं होत नाहीये असं सांगून त्यांनी स्वतःच पद सोडलं, आज त्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेच्या वरच्या सभागृहात आहेत. एवढंच लिहिलं होतं. पण त्यावर इतके मेसेज आलेत की मी थक्क झाले, आणि बहुतेक सगळे शिक्षकांचे किंवा शिक्षकांच्या घरातल्यांचे. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि याच विषयावरचे घेतलेत.

बाई नमस्कार, मी कळव्याला अनुदानित शाळेत १६ वर्षं शिकवतेय, आठवी ते दहावी मराठी आणि इतिहास. आमच्या सोसायटीतले आणि मागच्या चाळीतले लोक मागे लागलेत की बाई तुम्ही नगरसेवकाला उभ्या राहा. घरचे म्हणतात शिक्षकाने या चिखलात पडू नये, नोकरी जाईल. त्या मॉरिसबाईंनी नोकरी सोडली होती का? आणि शिक्षकाला तिथे जाऊन खरंच काही करता येतं का? – एक शिक्षिका, कळवा

आधी नोकरीचं बोलूया कारण घरच्यांची खरी भीती तीच असणार, चिखल वगैरे नंतरचं. मॉरिसबाईंनी नोकरी सोडून उडी मारली नाही. त्या १९७४ ला कॉव्हेंट्री शहरातल्या सिडनी स्ट्रिंगर शाळेत लागल्या, पी.टी. आणि ह्युमॅनिटीज शिकवायच्या, म्हणजे आपलं इतिहास-भूगोल-समाज असं एकत्र धरा. पुढे अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांचा जो विभाग असतो तिकडे, सिक्स्थ फॉर्म, त्याच्या प्रमुख झाल्या. आणि शिकवत असतानाच १९७९ ला वॉरिक डिस्ट्रिक्ट कौन्सिलवर, म्हणजे तिकडच्या स्थानिक संस्थेवर, निवडून आल्या, १९९१ पर्यंत तिथे होत्या. बारा वर्षं शाळा आणि कौन्सिल दोन्ही सांभाळलं, आणि खासदार झाल्यावर, १९९२ ला, शाळा सोडली.

आता यातली एक गोष्ट नीट बघा. शाळा कॉव्हेंट्रीची आणि कौन्सिल वॉरिकचं, वेगवेगळं. तिकडचा कायदा असा आहे की ज्या कौन्सिलचा पगार खाता त्याच कौन्सिलवर सदस्य म्हणून बसता येत नाही. आपल्याकडेही साधारण हेच तत्त्व आहे, महापालिकेच्या शाळेतले शिक्षक नोकरीत असताना त्याच महापालिकेचे नगरसेवक होऊ शकत नाहीत, आणि जिल्हा परिषदेच्या किंवा सरकारी शाळेतल्यांना तर वर्तणूक नियमांमुळे राजकारणात भागच घेता येत नाही, लढायचं तर राजीनामा. तुमची शाळा खासगी अनुदानित आहे, म्हणजे तुम्हाला १९८१ ची खासगी शाळा कर्मचाऱ्यांची नियमावली लागू. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात असतेच, मागून घ्या, निवडणुकीबद्दलचा नियम स्वतः वाचा, आणि अर्ज भरायच्या आधी संस्थेला लेखी पत्र देऊन त्याची पोच घ्या. तोंडी परवानगीवर अजिबात जाऊ नका. संस्थाचालक आज हसून हो म्हणतात आणि उद्या दुसऱ्या पक्षाचा फोन आला की मेमो हातात पडतो, मी हे डोळ्यांनी बघितलंय.

बाकी चिखलाचं म्हणाल तर मला घरच्यांचं पटत नाही. अहो निवडणुका आपणच तर घेतो, मतदान केंद्रावर रात्री मशीन सील होईपर्यंत बसलेलो असतो, जनगणनेला जिने चढतो, बीएलओ म्हणून मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरतो. शिक्षण हक्क कायद्यात बाकीची अशैक्षणिक कामं बंद केली पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन ठेवलीच. वॉर्डात कोणत्या घरात किती माणसं, कोणाचं नाव यादीतून उडालंय, कोणाच्या घरी पाणी चढत नाही हे त्या भागातल्या शिक्षिकेइतकं कोणाला माहीत असतं? मग लोक तुमच्याच मागे लागले यात नवल काय.

आणि काही करता येतं का, हा तुमचा खरा प्रश्न. त्यासाठी आधी त्या शाळेबद्दल सांगते. कॉव्हेंट्री म्हणजे मोटारगाड्यांच्या कारखान्यांचं शहर, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झालेलं, परत उभं राहिलेलं, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकात तिथले कारखाने धडाधड बंद पडत गेले. बाईंची शाळा शहराच्या मधल्या गरीब वस्तीतली, आपल्या पंजाब-गुजरातकडून गेलेल्या कुटुंबांची मुलं तिथे बरीच. आता हे वाचताना मला आपली ठाण्याची वागळे इस्टेटच दिसते हो. माझ्या वर्गात अशी मुलं होती ज्यांच्या वडलांनी वीस-वीस वर्षं एका कंपनीत काढली आणि एक दिवस गेटला कुलूप. ते मूल वर्गात फी मागितली की खाली बघतं, डबा आणत नाही, मग दहावीच्या तोंडावर येणंच बंद. तुम्ही कितीही छान शिकवा, त्या मुलाचा प्रश्न फळ्यावर सुटत नाही. मला वाटतं की वर्षानुवर्षं हे बघितलेली बाई कौन्सिलवर आणि पुढे पार्लमेंटमध्ये गेली ती हौस म्हणून गेलेली नाही.

घरात राजकारण होतंच, ते लपवायला नको. वडील चार्ल्स मॉरिस मँचेस्टरमधून खासदार, काका आल्फ मॉरिस पण खासदार, आणि हे काका फार मोठं काम करून गेले, १९७० मध्ये दीर्घ आजारी आणि अपंग व्यक्तींसाठीचा कायदा त्यांनी खासगी विधेयक मांडून मंजूर करून घेतला आणि १९७४ ला ते अपंगांसाठीचे पहिले मंत्री झाले. पण घराणं असलं तरी मतं मागायला उन्हातान्हात आपल्यालाच जावं लागतं. १९९२ ला बर्मिंगहॅमच्या यार्डली मतदारसंघातून बाई उभ्या राहिल्या. त्या निवडणुकीत त्यांचा लेबर पक्ष देशभरात हरला, जॉन मेजर परत पंतप्रधान झाले, आणि बाई मात्र कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची जागा हिसकावून घेऊन आल्या, १६२ मतांनी. १६२! आपल्या घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये याहून जास्त मतदार निघतील. म्हणून सांगते, उभ्या राहिलात तर शेवटच्या माळ्यापर्यंत जा.

१९९७ ला लेबर पक्षाच्या टोनी ब्लेअर यांचं सरकार आलं तेव्हा त्या शिक्षण खात्यात राज्यमंत्र्यांसारख्या कनिष्ठ पदावर गेल्या, नंतर शाळांच्या दर्जाचं काम त्यांच्याकडे आलं. खात्याचे कॅबिनेट मंत्री डेव्हिड ब्लंकेट. त्या काळात प्राथमिक शाळांमध्ये रोज एक तास फक्त वाचन-लेखन आणि रोज गणिताचा वेगळा तास असा कार्यक्रम आला, आपल्या निपुण भारत योजनेसारखंच काहीसं, फक्त बावीस-तेवीस वर्षं आधी. १९९७ ला ११ वर्षांच्या मुलांपैकी इंग्रजीत ६३ टक्के आणि गणितात ६२ टक्के अपेक्षित पातळी गाठत होते, २००२ ला ते ७५ आणि ७३ झाले. हे कमी नाही. तिकडच्या बऱ्याच शिक्षकांची तक्रारही होती की तासाची मिनिटंसुद्धा वरून ठरवून देतात, आणि ती तक्रार मला पूर्ण समजते, माझ्या वर्गात मला कोणी दहा मिनिटं हे आणि वीस मिनिटं ते असं सांगितलं असतं तर मी पण चिडले असते. पण शंभरातली दहा-बारा जास्त मुलं नीट वाचायला लागली, हेही तितकंच खरं. तर हो, करता येतं. वर्गात चाळीस-पन्नास मुलांसाठी करता येतं तेच बाहेर जास्त मुलांसाठी, पण हळू, आणि बाकीच्यांची मनं राखत.

बाई, माझा मुलगा बारावीला नापास झालाय, ऐरोलीला असतो आम्ही, घरात दोन महिने सुतक असल्यासारखं आहे. तुम्ही लिहिलंत त्या बाई शाळेत हुशारच असतील ना? – एक आई, ऐरोली

ताई, नाही. त्या त्यांच्या बारावीला नापास झाल्या होत्या. तिकडे ए-लेव्हल म्हणतात, १८ व्या वर्षीची परीक्षा, युनिव्हर्सिटीला जायचं तर तीच लागते. मॉरिसबाई मँचेस्टरमधल्या चांगल्या नावाजलेल्या मुलींच्या शाळेत होत्या, वडील खासदार, आणि त्यात ए-लेव्हलला अपयश, तर घरात काय वातावरण असेल तुम्हीच विचार करा. त्यानंतर त्या शिक्षक प्रशिक्षणाच्या कॉलेजात गेल्या आणि पदवी घेऊन शाळेत लागल्या. आणि गंमत अशी की बरोब्बर हीच ए-लेव्हल परीक्षा पुढे मंत्री असताना त्यांच्या टेबलावर सगळ्यात मोठं संकट होऊन आली, ते पुढच्या उत्तरात येतंयच.

मुलाला पुरवणी परीक्षेला बसवा, फॉर्मची तारीख कॉलेजात जाऊन स्वतः बघा. आणि सुतक आज संध्याकाळी संपवा, त्याच्या आवडीचं काहीतरी करा जेवायला. पोरगं चूक विसरत नसतं हो, आपण रोज तोंड पाडून बसलो की ते अभ्यास सोडून आपल्याकडेच बघत बसतं.

बाई, मी ३४ वर्षं नोकरी करून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. तुम्ही त्या मंत्रीणबाईंचं कौतुक केलंत पण मला ते मुळीच पटलेलं नाही. जबाबदारी घेतली तर निभवावी. मला जमत नाही म्हणून मध्येच सोडणं हा पळपुटेपणा आहे, आणि शिक्षकांची नाचक्की आहे, लोक म्हणणार शिक्षकाला खातं चालवता येत नाही. – एक निवृत्त मुख्याध्यापक, नौपाडा

सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. राग मानू नका पण मी पूर्ण विरुद्ध बाजूला आहे, आणि का ते सविस्तर सांगते.

आधी काय घडलं ते बघूया. जून २००१ मध्ये त्या शिक्षणमंत्री झाल्या. २००२ चा उन्हाळा संपता संपता एकामागून एक गोष्टी आल्या. एक म्हणजे शाळेत नवीन लागणाऱ्या प्रत्येकाची पोलीस रेकॉर्ड तपासणी. ते काम एका नव्या सरकारी कार्यालयाकडे दिलेलं आणि तिथे अर्जांचे ढीग साचलेले. त्याच ऑगस्टमध्ये सोहम गावात दोन लहान मुलींचा खून झाला, सगळा देश हादरलेला. खात्याने हुकूम काढला की तपासणी पूर्ण झाल्याशिवाय नव्या शिक्षकाने वर्गात पाऊल ठेवायचं नाही. हेतू चांगलाच होता. पण सप्टेंबरला शाळा उघडायची वेळ आली आणि शिक्षकच नाहीत, काही शाळा वेळेवर उघडू शकल्या नाहीत, मग हुकूम मागे घ्यावा लागला. आपण दोघांनी शाळा चालवल्यात सर, जूनमध्ये शिक्षक नसले की पहिल्या दिवशी ऑफिसबाहेर पालकांची काय रांग लागते ते तुम्हाला मी काय सांगणार.

दुसरं ए-लेव्हलचं. परीक्षेची पद्धत २००० पासून बदललेली आणि नव्या पद्धतीचा पहिला पूर्ण निकाल ऑगस्ट २००२ ला लागला. निकालानंतर शाळा ओरडायला लागल्या, वर्षभर उत्तम मार्क मिळवणाऱ्या मुलांना प्रोजेक्टमध्ये एकदम तळाची श्रेणी. आरोप असा होता की निकाल फार चांगला लागू नये, लोक म्हणतील पेपर सोपे झाले, म्हणून श्रेणीच्या कटऑफ शेवटच्या क्षणी वर सरकवल्या. चौकशी बसली, माइक टॉमलिन्सन यांनी ती केली, शेवटी जवळपास दोन हजार मुलांच्या श्रेणी वाढवाव्या लागल्या. तोवर त्यातल्या काहींच्या युनिव्हर्सिटीच्या जागा दुसऱ्याला गेलेल्या. परीक्षांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे प्रमुख सर विल्यम स्टब्ज यांना बाईंनी पदावरून काढलं, त्यावरूनही मोठा वाद झाला.

आणि तिसरं ते टक्के. मी वर ७५ आणि ७३ लिहिलं ना, सरकारने ठरवलेलं लक्ष्य होतं ८० आणि ७५. ब्लंकेट यांनी आधी जाहीर केलं होतं की लक्ष्य गाठलं नाही तर मी राजीनामा देईन. ते २००१ ला गृहमंत्री होऊन गेले. मॉरिसबाई त्याआधी त्यांच्या हाताखाली होत्या आणि १९९९ ला बाईंनीही सभागृहात तसाच शब्द दिला होता. ऑक्टोबर २००२ मध्ये विरोधकांनी तो शब्द कामकाजाच्या नोंदीतून शोधून काढून समोर ठेवला.

२३ ऑक्टोबर २००२ ला त्यांनी राजीनामा दिला. ब्लेअर यांनी काढलं नव्हतं, उलट थांबवायचा प्रयत्न केला. पत्रात त्यांनी जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की शिक्षकांशी बोलणं, शाळांचे प्रश्न समजून घेणं हे मला चांगलं येतं, पण एवढं अवाढव्य खातं धोरण आखून चालवणं आणि आजच्या मीडियाला तोंड देणं यात मी कमी पडते, आणि मी जितकी परिणामकारक असायला हवी तितकी आहे असं मला वाटत नाही.

सर, मला सांगा, आपल्या पूर्ण आयुष्यात तुम्ही किती मंत्री असं लिहिताना बघितलेत? मी त्यावेळी नोकरीत होते. ही बातमी मी पेपरात वाचली ती संध्याकाळ मला आठवते, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसले होते, सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा पिशवीत होता, आणि मी ती बातमी परत परत वाचली. कारण त्याच वर्षी मी स्वतः प्रभारी मुख्याध्यापिका होते.

हे मी आजपर्यंत कुठे लिहिलं नाहीये. शाळेचं नाव घेत नाही. दीड वर्ष प्रभार होता माझ्याकडे. सकाळी सातला शाळेत, वेतनाची बिलं, संचमान्यता म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, तुकडी वाचवायची म्हणून पटसंख्येची मारामार, संस्थेच्या मीटिंगा, एका पदावर अमुक माणूस घ्या असा दबाव, मी नाही म्हटलं तर बिलांवर सह्याच नाहीत, दोन महिने तिघांचा पगार अडकला. ते तिघं रोज माझ्या दारात. मी रात्री झोपेतून उठून हिशोब करायचे. आणि वर्गात? त्या दीड वर्षात मी धड वीस तास घेतले नसतील. आठवीची एक मुलगी, छान निबंध लिहायची, ती मधेच शाळा सोडून गेली आणि मला ते तीन आठवड्यांनी कळलं. मला! एरवी माझ्या वर्गातलं मूल दोन दिवस आलं नाही की मी त्याच्या घरी निरोप पाठवणारी. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं की हे काम मी वाईट करतेय आणि जे चांगलं करते ते बंद पडलंय. पण सोडायची हिंमत नव्हती, लोक काय म्हणतील, बाई म्हणून जमलं नाही म्हणतील, हेच डोक्यात, तुम्ही लिहिलंत अगदी तसंच.

मॉरिसबाईंची बातमी वाचल्यावर महिन्याभरात मी पत्र दिलं. माझ्यानंतर आमचे जे गणिताचे सर आले त्यांना ऑफिसचं काम माझ्या दहापट चांगलं जमायचं, ते अधिकाऱ्याला अडवून सही घेऊन यायचे, शाळा त्यांच्या हातात सुधारली. मी परत वर्गात गेले आणि पुढची नऊ वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली होती.

म्हणून नाचक्की हा शब्द मला मान्य नाही. चांगलं शिकवता येणं आणि हजारो माणसांचं खातं चालवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, आपण सिनियॉरिटी लागली की चांगल्या शिक्षकाला उचलून खुर्चीत बसवतो आणि वर्ग पण घालवतो, खुर्ची पण घालवतो. त्या बाईंनी खुर्चीत बसूनच ते ओळखलं. आणि जबाबदारी निभवण्याचं म्हणाल, तर दोन हजार मुलांचे निकाल चुकले होते सर, ते काही त्यांनी स्वतःच्या हाताने तपासले नव्हते, खालच्या कोणावर तरी ढकलून त्या आणखी तीन वर्षं बसू शकल्या असत्या. आपल्याकडे पेपर फुटतात, निकाल चुकतात, बारावीची पोरं रडतात, आणि कोणाची खुर्ची हलते का सांगा.

आणि पळून गेल्या म्हणता, तर कुठे गेल्या? खासदार होत्याच, यार्डलीची कामं चालूच. जून २००३ ला परत मंत्री झाल्या, कलाखात्यात, पदाने खालच्या, पूर्वी कॅबिनेटमध्ये बसलेल्या असून दुसऱ्या मंत्र्यांच्या हाताखाली. त्याला किती मोठं मन लागत असेल. मी प्रभार सोडला तेव्हा स्टाफरूममध्ये परत माझ्या जुन्या खुर्चीत जाऊन बसायला मला आठवडा लागला होता.

हाउस ऑफ लॉर्ड्स म्हणजे नक्की काय, सरदार-जमीनदारांचं ना? मग शिक्षिका तिथे कशी? आपल्या विधान परिषदेसारखं आहे का? मी राज्यशास्त्र घेऊन टीवाय बीएला आहे. – एक विद्यार्थी, नेरुळ

तुझा प्रश्न चांगलाय, परीक्षेतही उपयोगी पडेल. पूर्वी वंशपरंपरेने आलेले उमराव आणि चर्चचे बिशप असंच होतं ते. १९५८ च्या कायद्याने मात्र हयातभरासाठी उमराव, म्हणजे लाइफ पीअर, नेमायची सोय मोठ्या प्रमाणावर झाली. पद त्या माणसाबरोबर संपतं, मुलांना जात नाही. बायकांना या सभागृहात बसता यायला लागलं तेही त्याच कायद्यामुळे, हे लक्षात ठेव. मग १९९९ ला बहुतेक वंशपरंपरागत उमरावांना बाहेर काढलं, ९२ जणांना तेवढं ठेवलं. त्यामुळे आता तिथे मोठ्या संख्येने माजी मंत्री, डॉक्टर, प्राध्यापक, कामगार पुढारी असे नेमलेले लोक दिसतात. मॉरिसबाई २००५ च्या निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत, त्याच वर्षी त्यांना लॉर्ड्समध्ये नेमलं, नाव झालं बॅरोनेस मॉरिस ऑफ यार्डली. स्वतःच्या मतदारसंघाचं नाव कायमचं आपल्या नावाला जोडून घेतलं बघ. काका आल्फ तिथे १९९७ पासून होतेच, म्हणजे काही वर्षं काका-पुतणी एकाच सभागृहात.

आता तुलना कर. आपल्या विधान परिषदेत ७८ जण आणि बहुतेक निवडून येतात, आमदारांकडून ३०, स्थानिक संस्थांकडून २२, पदवीधरांचे ७, शिक्षकांचे ७, आणि राज्यपाल नेमतात ते १२. लॉर्ड्समध्ये लोकांनी मतदान करून पाठवलेलं कोणीच नसतं. ताकद दोघांचीही थांबवण्यापुरतीच. परिषद साधं विधेयक आधी तीन महिने आणि विधानसभेने परत पाठवलं तर अजून एक महिना रोखू शकते, पैशाचं विधेयक फक्त १४ दिवस. लॉर्ड्स साधारण एक वर्ष लांबवू शकतं, पैशाचं विधेयक एक महिना.

मग तिथे बसून शिक्षिका काय करते? कायद्याचा मसुदा कलमावार वाचते, दुरुस्त्या सुचवते, मंत्र्याला उभं करून प्रश्न विचारते. वही तपासण्यासारखं काम आहे हे, लाल पेन घेऊन एकेक ओळ. मॉरिसबाई तिथे शिक्षणावर बोलत असतात, आणि सभागृहाबाहेर संडरलंड युनिव्हर्सिटीत प्रो-व्हाइस-चान्सलर, म्हणजे प्र-कुलगुरू होत्या, बर्मिंगहॅममधल्या शाळा एकत्र येऊन एकमेकांना मदत करतात त्या बर्मिंगहॅम एज्युकेशन पार्टनरशिपच्या अध्यक्षाही राहिल्या. मला यातलं हे शेवटचं सगळ्यात जास्त आवडतं, मोठं खातं नाही, एका शहरातल्या शाळा.

आणि एक बघ, आपल्या राज्यपालांच्या १२ जागांसाठी घटनेत साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा लिहिलंय. शिक्षण हा शब्द त्यात नाही. शिक्षकांसाठी वेगळे ७ मतदारसंघ आहेत म्हणून नसेल कदाचित, पण त्याचा विचार करून टिपण लिही आणि मला पाठव, मी वाचेन.

बाई, विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाचं मत फक्त नोकरीत असलेल्यांनाच असतं का? मी दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले, कोपरीला राहते, मला सांगितलं की तुमचं नाव आता येणार नाही. – एक निवृत्त शिक्षिका, कोपरी

ज्यांनी सांगितलं त्यांनी चुकीचं सांगितलं. अट अशी आहे की यादीच्या तारखेआधीच्या सहा वर्षांत मिळून निदान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या मान्य संस्थेत शिकवलेलं असावं. दीड वर्षापूर्वीपर्यंत तुम्ही माध्यमिकला शिकवत होतात तर तुम्ही त्यात बसता. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग मिळून आपला कोकण विभाग. अर्ज नमुना १९ चा, पदवीधरांचा १८ तो वेगळा, गडबडीत तो भरू नका. शाळेचा सेवेचा दाखला मुख्याध्यापकांच्या सहीने जोडायचा, आणि तारीख धरतात १ नोव्हेंबर. ही यादी दर निवडणुकीला नव्याने होते, म्हणून मागच्या वेळी नाव होतं म्हणून गप्प बसू नका. दाखला आत्ताच काढून ठेवा, दिवाळीच्या सुट्टीत शाळेचं ऑफिस बंद असतं.